दोन्हीकडे संशय

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मूतखड्यावरील शस्त्रकर्माचा जो अध्याय आहे, त्यांत शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं वैद्यानें कोणता विचार करावा हें मोठ्या नेमकेपणानें सांगितलें आहे. शस्त्र न चालविलें तर रोग्याचा मृत्यु ठरलेला. चालविलें तर तो जगेल कीं मरेल याबद्दल संशय. तेव्हां ठरलेल्या मरणापेक्षां संशय बरा, म्हणून धन्याची अनुज्ञा घेऊन वैद्यानें शस्त्रकर्म करावें, असा त्या उपदेशाचा मथितार्थ आहे. हा विचार इतका स्वच्छ आहे कीं त्यांत नीतिशास्त्राचा कांहीं प्रश्न आहे असें प्रथमदर्शनीं वाटतच नाहीं. तो एक साधा हिशेब आहे. एका पारड्यांत निश्चित हानि, दुसऱ्यांत संभाव्य हानि. कोणतें पारडें जड हें सांगावयास तत्त्वज्ञ कशाला पाहिजे?

तत्त्वज्ञाची जरुरी भासते ती पहिल्या पारड्यांतला निश्चय नाहींसा झाला म्हणजे. कांहीं न करण्यांतही संशय आणि करण्यांतही संशय, शिवाय दोहोंपैकीं कोणता संशय मोठा हें ठरविण्याचें मापही हातीं नाहीं, अशा स्थितींत वैद्यानें काय करावें, रोग्यानें काय मागावें, आणि दोघांनीं एकमेकांशीं काय बोलावें? हा प्रश्न नुसत्या कल्पनेंतला नाहीं. मेंदूंतील धमन्यांचा विस्फार, म्हणजे इंग्रजींत ज्यास अॅन्युरिझम म्हणतात तो विकार, आणि त्यांतही त्याचे विरळा प्रकार, यांचा विचार करूं लागलें म्हणजे हा प्रश्न मूर्तिमंत होऊन पुढें उभा राहतो. मी वैद्य नव्हें. तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यांत माझीं उमेदीचीं वर्षें गेलीं. परंतु आमच्या विषयाच्या पुस्तकांत बुडत्या नावेचीं आणि रुळांवरून सुटलेल्या डब्याचीं जीं उदाहरणें छापलेलीं असतात, त्यांपेक्षां हें उदाहरण मला अधिक खरें व अधिक बिकट वाटत आलें आहे.

प्रथम विकाराचें स्वरूप पाहूं. मेंदूच्या तळाशीं धमन्यांचें एक कडें आहे. थॉमस विलिस यानें १६६४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, म्हणून तें त्याच्या नांवानें ओळखलें जातें. या कड्यास जेथें फांटे फुटतात तेथें रक्ताचा धक्का अहोरात्र बसत असतो, आणि कांहीं माणसांत त्या जागीं धमनीची भिंत कमकुवत होऊन तिला बोरासारखा फुगवटा येतो. सायकलच्या टायरला भेग पडली म्हणजे आंतल्या ट्यूबला जसा फोड येतो, तसाच हा प्रकार. शंभर प्रौढ माणसांत सुमारें तिघांच्या डोक्यांत असा फुगवटा असतो, व त्यांतील बहुतेकांस त्याचा पत्ता आयुष्यभर लागत नाहीं. तीं माणसें दुसऱ्याच कोणत्या तरी कारणानें मरतात. पण तो फुटला म्हणजे कधीं न अनुभवलेली डोकेदुखी एका क्षणांत उठते, मेंदूभोंवतीं रक्त पसरतें, आणि अशा रोग्यांपैकीं एकतृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक दगावतात. वांचलेल्यांतही अनेकांचें पूर्वींचें मन किंवा पूर्वींचे हातपाय परत येत नाहींत.

फुटलेल्या विस्फाराच्या बाबतींत सुश्रुताचा हिशेब पुष्कळसा लागू पडतो. कारण तो पुन्हां फुटण्याचा धोका पहिल्या कांहीं दिवसांत फार मोठा असतो, आणि दुसरा स्राव बहुधा पहिल्याहून घातक ठरतो. अडचण येते ती न फुटलेल्याची. ऐकूं कमी येतें म्हणून, घेरी येते म्हणून, गाडीवरून पडलें म्हणून डोक्याचें चित्र काढावें, आणि ज्याची तक्रारच नव्हती तें संकट त्यांत दिसावें, हें एम. आर. आय. यंत्रें जिल्ह्याच्या गांवीं पोंचल्यापासून नवलाचें राहिलेलें नाहीं. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांवर हा प्रसंग आला. ते मला म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, काल संध्याकाळपर्यंत मी निरोगी होतों. आज मी तोच आहें; पण आतां खोकला आला तर भिंत धरतों." त्या चित्रानें त्यांस रोग दिला नाहीं, रोगीपण मात्र दिलें. ज्ञान झालें म्हणजे मनुष्य मोकळा होतो असें आम्ही वर्गांत सांगतों, तें सगळ्याच ज्ञानाविषयीं खरें नसावें.

या विकारावर इलाजाच्या दोन वाटा आहेत. एक बाहेरून, कवटी उघडून. दुसरी आंतून, रक्ताच्याच मार्गानें. पहिल्या वाटेवर १९३१ सालीं एडिंबरो येथें नॉर्मन डॉट यानें पाऊल टाकलें. रोग्याच्याच पायांतून काढलेला स्नायूचा तुकडा फुटलेल्या विस्फाराभोंवतीं बसवून त्यानें स्राव थांबविला, व रोगी बरा झाला. पुढें २३ मार्च १९३७ रोजीं बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यानें विस्फाराच्या मानेवर चांदीचा चिमटा बसवून त्यास धमनीपासून तोडलें. १९६० नंतरच्या काळांत झुरिचच्या यासारगिल यानें सूक्ष्मदर्शकाखालीं काम करण्याची पद्धति घालून दिल्यावर या कौशल्यास धार आली. दुसरी वाट मॉस्कोच्या सर्बिनेंको यानें खुली केली. त्यानें बारीक नळीच्या टोकाशीं लहानसा फुगा बांधून तो धमनींतून मेंदूपर्यंत नेला व तेथें सोडून दिला, आणि १९७४ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. १९९० मध्यें लॉस अँजेलिस येथें गुल्येल्मी यानें जांघेंतील धमनींतून नळी घालून, विस्फाराच्या पोकळींत प्लॅटिनमची केसासारखी तार गुंडाळत भरावी व सौम्य विद्युत्प्रवाहानें ती तेथेंच तोडावी, ही युक्ति प्रथम माणसावर वापरली. त्यापुढचें साधन म्हणजे धमनींतच बसवावयाची दाट विणीची जाळीदार नळी. ती रक्ताचा ओघ सरळ पुढें नेते, त्यामुळें फुगवट्यांतलें रक्त साकळून तो हळूहळू बंद होतो. अमेरिकेंत तिला २०११ सालीं मान्यता मिळाली.

आतां हे दोन मार्ग उपलब्ध असतां कोणता बरा, हा प्रश्न मतांवर न सोडतां मोजून ठरवावा असें ठरलें, आणि २००२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एका मोठ्या तुलनेचा निकाल प्रसिद्ध झाला. फुटलेल्या विस्फाराचे २१४३ रोगी चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें दोन गटांत विभागण्यांत आले होते. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटांत मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण शेंकडा ३०.६, तर तार भरलेल्या गटांत शेंकडा २३.७ भरलें. तार भरलेल्यांवर पुढें पुन्हां उपचार करण्याची पाळी अधिक वेळां येते हेंही मागाहून दिसून आलें. पण एकंदरींत या संख्यांनीं जगभरच्या रुग्णालयांतील रीत बदलली, आणि ती बदलली हें योग्यच झालें.

परंतु त्याच वृत्तांतांत दुसरीही एक संख्या आहे, तिच्याकडे वाचकाचें लक्ष सहसा जात नाहीं. या तुलनेसाठीं एकंदर ९५५९ रोगी तपासले गेले होते. त्यांतील २१४३ घेतले, बाकीचे वगळले. चिठ्ठी टाकावयाची ती दोन्ही उपाय सारखेच योग्य वाटतात तेथेंच. ज्या रोग्याच्या बाबतींत डॉक्टरांचें मत आधींच एका बाजूस झुकलें होतें, त्यास चिठ्ठींत घालणें त्यांच्या सदसद्विवेकास पटलें नाहीं. यांत दोष कोणाचाच नाहीं. मात्र परिणाम असा झाला कीं, ज्यांची निवड झाली ते बहुतेक लहान आणि मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमन्यांवरील विस्फाराचे रोगी होते. जे अवघड, अवाढव्य, विचित्र आकाराचे, ते या मोजणीच्या दाराबाहेर राहिले. म्हणजे जेथें मार्गदर्शनाची गरज सर्वांत मोठी, तेथेंच संख्या मौन धरते.

हे बाहेर राहिलेले कोण, तें जरा जवळून पाहिलें पाहिजे. अंतर्गत कॅरॉटिड धमनीवर, जेथें फांटा नाहीं अशा जागीं, कधीं कधीं पाण्याच्या फोडासारखा चिमुकला विस्फार येतो. सर्व विस्फारांत तो शंभरांत एखादाच. त्यास मान नसते, आणि खरें म्हटलें तर भिंतही नसते; जी भिंत भासते ती म्हणजे एक पातळ आवरण व त्यावर साकळलेलें रक्त. चिमटा लावावयास जावें तर तो चिमट्यांतच फाटतो. तार भरावी तर तिला धरून ठेवावयास आंत कांहीं नाहीं. जाळीची नळी बसवावी तर तिच्यावर गुठळी धरूं नये म्हणून रक्त पातळ ठेवणारीं औषधें द्यावीं लागतात. आणि तीं द्यावयाचीं कोणास, तर ज्याच्या मेंदूभोंवतीं कालच रक्त सांडलें आहे त्यास! यांतील कोणताही उपाय मूर्खपणाचा नाहीं, आणि कोणताही निर्धास्त नाहीं.

दुसरा प्रकार मेंदूच्या मागील बाजूच्या मुख्य धमनीचा. तेथें एका कडेला बोर लटकत नाहीं. धमनीच सबंध लांबीभर फुगते, अजगरानें भक्ष्य गिळावें तशी. हिच्याच भिंतींतून केसासारख्या वाहिन्या निघून मेंदूच्या बुंध्याकडे जातात. श्वास, गिळणें, डोळ्यांची हालचाल, जागेपणा, हें सर्व त्यांच्या रक्तावर चालतें. धमनी आंतून झांकावी तर या वाहिन्यांचीं तोंडें बंद होण्याची भीति. न झांकावी तर ती वाढत जाऊन बुंध्यास दाबील किंवा फुटेल. अशा व इतर महाकाय विस्फारांसाठीं एके काळीं, विशेषतः १९८० नंतरच्या दशकांत, रोग्याचें शरीर सुमारें १८ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून, हृदय बंद ठेवून, रक्ताचा थेंबही वाहत नाहीं अशा अवस्थेंत शस्त्रक्रिया केल्या गेल्या. माणसास जवळजवळ मरणाच्या दारांत नेऊन तेथून परत आणण्याची ही विद्या होती. सगळे परत आले नाहींत. आतां ती रीत क्वचितच अवलंबिली जाते.

तिसऱ्या प्रकाराशीं आपल्या देशाचा संबंध अधिक निकटचा आहे. हृदयाच्या झडपेस जंतूंचा उपसर्ग झाला म्हणजे तेथून सुटलेला कण मेंदूच्या एखाद्या लहान धमनींत अडकतो व तिची भिंत नासवून विस्फार उत्पन्न करतो. विल्यम ऑस्लर यानें १८८५ सालीं त्याच्या आकारावरून त्यास बुरशीवाचक नांव दिलें; वस्तुतः तो बहुधा जीवाणूंचा उद्योग असतो, पण नांवें एकदां चिकटलीं कीं सुटत नाहींत. संधिवाताच्या तापानें लहानपणींच झडपा बिघडलेलीं मुलें आपल्याकडे, आणि तींही गरीब घरांत, अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या वांट्यास हा रोग येतो. यावर प्रतिजैविकें सुरू करून ठराविक दिवसांनीं पुन्हां पुन्हां चित्र काढतात. कधीं फुगवटा विरघळून जातो, कधीं तसाच राहतो, कधीं डोळ्यांदेखत वाढतो. चरकानें रोगांचे साध्य व असाध्य असे भाग करतांना मध्यें याप्य म्हणून एक वर्ग ठेवला आहे: जो बरा होत नाहीं, पण ज्यास काबूंत ठेवतां येतें असा. येथें तर आज हा रोग कोणत्या वर्गांत आहे हें पुढच्या आठवड्याचें चित्र आल्याखेरीज सांगतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अशा विरळा रोगांत वैद्यानें कशाच्या आधारें निर्णय घ्यावा? एक पक्ष म्हणतो: जें सिद्ध झालेलें नाहीं तें करूं नये. हें वचन ऐकावयास भारदस्त आहे. पण जो रोग एखाद्या मोठ्या रुग्णालयांतही वर्षाकांठीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतका येतो, आणि त्यांतही दोन रोगी एकसारखे नसतात, त्याची तुलना दोन हजारांच्या गटांत व्हावयाची कधीं? तेथें सिद्धतेची वाट पाहणें म्हणजे न येणाऱ्या गाडीची वाट पाहणें होय. शिवाय त्या पक्षाच्या ध्यानांत येत नाहीं कीं, थांबणें हाही एक उपाय आहे, व तोही सिद्ध झालेला नाहीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत, पुढच्या बाजूचे ७ मिलिमीटरहून लहान, पूर्वीं कोठलाही विस्फार न फुटलेल्या रोग्यांतील विस्फार पांच वर्षांत फुटलेले आढळले नाहींत. उलट २५ मिलिमीटर वा त्याहून मोठे विस्फार पुढच्या बाजूस शेंकडा ४० व मागच्या बाजूस शेंकडा ५० फुटतात असा अंदाज निघाला. मुख्याध्यापकांचा फुगवटा ४ मिलिमीटरचा व पुढच्या बाजूचा होता. त्यांना थांबण्याचा सल्ला मिळाला, आणि त्या सल्ल्यास आधार होता. पण महाकाय विस्फाराच्या गटांत मुळांत रोगीच थोडे होते. तेथील शेंकडेवारी आपल्या दोन पायांवर उभी राहण्याइतकी बळकट नाहीं.

आणि ती बळकट असती तरी एक तार्किक अडचण राहतेच. जॉन व्हेन यानें १८६६ सालच्या आपल्या संभाव्यतेवरील ग्रंथांत ती दाखवून दिली आहे. शेंकडेवारी ही नेहमीं एखाद्या वर्गाची असते, व्यक्तीची नसते. आणि एकच व्यक्ति एकाच वेळीं अनेक वर्गांत मोडते. चाळीस वर्षांची, धूम्रपान न करणारी, रक्तदाब असलेली, वडील याच रोगानें गेलेली स्त्री कोणत्या वर्गांत घालावी? वर्ग मोठा घेतला तर ती त्यांत हरवते. तिच्यासारखा तंतोतंत घेतला तर त्यांत ती एकटीच उरते. सामान्य रोगांत ही अडचण दृष्टीआड करतां येते. विरळा रोगांत ती समोर येऊन बसते.

दुसरा पक्ष शस्त्रवैद्याच्या अनुभवाचा. तो म्हणतो, आंकडे राहूं द्या. हा हात काय सांगतो तें ऐका. या पक्षाची मी थट्टा करणार नाहीं. ज्यानें शेंकडों विस्फार उघड्या डोळ्यांनीं पाहिले आहेत, त्यास एखादी भिंत टिकेल कीं नाहीं याची जी जाणीव होते, ती शब्दांत मांडतां न आली तरी ज्ञानच होय. परंतु हाताच्या आठवणीस एक खोड असते: तिला यश अधिक आठवतें. आपल्याच रोग्यांच्या जमाखर्चांतली खर्चाची बाजू कोणास वाचावीशी वाटते? मेंदूच्या धमन्यांचें चित्र क्ष-किरणांनीं प्रथम घेतलें तें लिस्बनच्या एगाश मोनिज यानें, १९२७ सालीं. आज या रोगाचें निदान ज्या चित्रांवर होतें त्यांची ती आजी. त्याच मोनिजनें मनोरुग्णांच्या मेंदूचे तंतु तोडण्याची शस्त्रक्रिया काढली, अवघ्या २० रोग्यांवरील अनुभव १९३६ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९४९ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें तें या दुसऱ्या कामाबद्दल. धैर्य तेंच, प्रतिभा तीच. पण त्या वीस माणसांचें पुढें काय झालें हें दीर्घकाळ व काटेकोरपणें पाहण्याचा धीर कोणीं धरला नाहीं, आणि हजारों लोकांच्या मेंदूवर ती शस्त्रक्रिया होऊन गेली.

याच्या शेजारीं कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांतल्या लंडन शहरीं काम करणाऱ्या चार्ल्स ड्रेक याचें उदाहरण ठेवण्यासारखें आहे. मेंदूच्या मागच्या बाजूच्या ज्या विस्फारांस हात लावूं नये असें समजलें जाई, त्यांवर त्यानें शस्त्रक्रिया सुरू केल्या व १९६१ सालीं पहिल्या चारच रोग्यांचा वृत्तांत छापला. वाईट निकाल तो झांकून ठेवीत नसे, अशी त्याची ख्याति आहे. पुढें त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या अनुभवाचा जो ग्रंथ १९९६ मध्यें निघाला त्यांत १७६७ रोग्यांचा हिशेब आहे. एका विरळा रोगाचे इतके रोगी एका ठिकाणीं येतात ते अशा रीतीनें: मोजणारा प्रामाणिक आहे अशी खात्री पटली म्हणजे दूरदूरचे वैद्य आपले रोगी त्याजकडे पाठवूं लागतात. मोनिज अप्रामाणिक होता असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या विषयांत चिठ्ठ्या टाकून तुलना करणें शक्यच नाहीं, तेथें अपयशाची नोंद हेंच शास्त्र, आणि ती न ठेवणें हा माझ्या मतें नीतीचा भंग आहे; नुसता गबाळेपणा नव्हे. कारण न लिहिलेल्या अपयशाची किंमत पुढचा रोगी देतो, व आपण ती देत आहों हें त्यास कळतही नाहीं.

येथें कृति व अकृति यांतील भेदाचा विचार टाळतां येत नाहीं. शस्त्रक्रियेंत माणूस गेला तर नातेवाईक दवाखान्याच्या काचा फोडतात. थांबण्यांत गेला तर "आयुष्याची दोरी तेवढीच होती" म्हणून गप्प बसतात. ही विषमता समंजस नाहीं असें माझे विद्यार्थी नेहमीं म्हणतात, आणि परिणामांच्या तराजूनें पाहिलें तर त्यांचें बरोबर आहे. तरी तिच्यांत थोडें तथ्य आहे. शस्त्रक्रियेची हानि येते ती आज, एका दिवशीं, धडधाकट चालत आलेल्या माणसावर. फुटण्याचा धोका पसरलेला असतो तो उरलेल्या सबंध आयुष्यावर. सत्तर वर्षांच्या माणसास पसरलेला धोका स्वस्त पडतो, तिशींतल्यास महाग. आणि दोन धोके संख्येनें समान असले तरी, धाकट्या मुलीचें लग्न व्हावयाचें आहे त्या बापास ते समान नसतात. तो म्हणेल, "दोन वर्षें द्या, मग काय तें होवो." हा भ्याडपणा नव्हे. आपल्या आयुष्यांतील कोणतीं वर्षें पणास लावावयाचीं हें ठरविण्याचा तो अधिकार आहे, आणि तो कोणत्याही पाहणीच्या तक्त्यांत सांपडावयाचा नाहीं.

म्हणूनच आपल्याकडे हटकून विचारला जाणारा एक प्रश्न मला फार विचार करावयास लावतो. सर्व ऐकून झाल्यावर रोग्याचा भाऊ हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तें राहूं द्या. तुमचा सख्खा भाऊ असता तर तुम्हीं काय केलें असतें?" कांहीं डॉक्टरांस हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. मला तो तसा वाटत नाहीं. विचारणाऱ्यास आंकड्यांच्या पलीकडलें कांहीं हवें असतें. समोरचा माणूस आपल्यासाठीं आंतून कळवळला आहे कीं नाहीं हें त्यास चांचपून पाहावयाचें असतें. त्या दृष्टीनें प्रश्न रास्त, आणि त्यास टाळाटाळ करणारें उत्तर देणें कठोरपणाचें. परंतु मिळालेलें उत्तर पुरावा म्हणून घेतलें जातें तेथें घोटाळा होतो. डॉक्टरांचा भाऊ डॉक्टरांच्या घरचा; त्याचा पगार चालू राहील, त्याच्या सेवेस माणसें असतील. समोर बसलेला मनुष्य कदाचित् घड्याळें दुरुस्त करीत असेल. शस्त्रक्रियेनंतर डोळा हलविणारी नस कांहीं महिने लुळी राहून एकाचे दोन दिसूं लागणें ही डॉक्टरांच्या भाषेंत किरकोळ गुंतागुंत. त्याच्या भाषेंत ती दुकानास कुलूप. भावाचा न्याय या माणसास कसा लागू पडावा? म्हणून ज्या डॉक्टरानें त्या प्रश्नावर, "माझ्या भावाचें मी सांगेन, पण आधीं तुमच्या भावाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो तें मला सांगा," असें म्हटलें, त्यानें माझ्या मतें योग्य उत्तर दिलें.

निवडीची ही चर्चा करतांना पैशाचा उल्लेख न करणें हा एक प्रकारचा दांभिकपणा होईल. प्लॅटिनमच्या तारा आणि जाळीच्या नळ्या यांस लाखांनीं रुपये मोजावे लागतात. चिमटा त्या मानानें स्वस्त. तेव्हां पुस्तकांत जी दोन वाटांमधील निवड म्हणून मांडली जाते, ती पुष्कळ घरांत निवड नसतेच. शेत विकावयाचें कीं नाहीं एवढीच ती असते. डॉक्टरांनीं अशा वेळीं स्वस्त उपाय हाच उत्तम उपाय म्हणून सांगूं नये. तो बरा असेल तर बरा म्हणावें, परवडणारा असेल तर परवडणारा म्हणावें. या दोन शब्दांची गल्लत गरिबास फसविते, आणि ती बहुधा दयेपोटींच केली जाते.

दयेपोटीं आणखी एक गोष्ट केली जाते. खोलीच्या बाहेर डॉक्टरांस गांठून थोरला मुलगा सांगतो, "बाबांना यांतलें कांहीं सांगूं नका, ते धसका घेतील." सुश्रुतानें जी अनुज्ञा घ्यावयास सांगितली ती राजाची किंवा अधिकारी पुरुषाची, असा अर्थ लावतात, रोग्यास विचारावें असें तेथें म्हटलेलें नाहीं. आपल्या घरांतली रीत अजून त्या वळणाची आहे. कायदा मात्र पुढें गेला आहे. सज्ञान स्त्री भुलेच्या अमलाखालीं असतां, तांतडीचें संकट नसूनही, तिच्या आईची संमति घेऊन केलेली मोठी शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालच्या एका निकालांत अनधिकृत ठरविली. संमति द्यावयाची ती ज्याचें शरीर त्यानें, आणि पुरेसें ज्ञान झाल्यावर, असा त्या निकालाचा आशय आहे. माझी सहानुभूति कायद्याकडे आहे, पण मुलगा केवळ चूक आहे असेंही मला म्हणवत नाहीं. ज्या रोगांत स्वतः वैद्यासच निश्चित कांहीं ठाऊक नाहीं, त्यांतलें तें अनिश्चित ज्ञान सबंध घरानें वांटून घेतलें तर एकट्याच्या छातीवरचा भार हलका होतो. रोग्यास वगळून वांटणें मात्र निराळें. ज्याच्या डोक्यांत तो फुगवटा आहे तोच एकटा अंधारांत, आणि बाकीचे सारे त्याच्या उशाशीं कुजबुजत बसलेले, हें चित्र मला कोणत्याही शस्त्रापेक्षां अधिक निर्दय वाटतें.

विरळा विस्फार फुटून रोगी आधींच बेशुद्ध झालेला असेल, तर या सूक्ष्म भेदांस फारसा अवकाश उरत नाहीं. रात्रीचे दोन वाजलेले असतात, कागद पुढें केलेला असतो, आणि सही करणारा मुलगा चिमटा, तार, जाळी हे शब्द आयुष्यांत प्रथमच ऐकत असतो. त्याला व्हेनचा तर्क सांगून उपयोग नाहीं. तो दोन गोष्टी मात्र विचारूं शकतो: असे रोगी येथें आजवर किती आले, आणि त्यांचें पुढें काय झालें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक ठिकाणीं तोंडपाठ असतें. दुसऱ्यासाठीं वही उघडावी लागते; ती कोणी लिहीत आला असेल तर.